काट्याची पिवळी रेघ

माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला गॅरेजमध्ये कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्यांना काटा म्हणायचे. तराजूचा काटा. बोल्ट किती आवळायचा हे त्यांच्या हाताला आपोआप कळायचं, म्हणून. मी त्यांना दाजी म्हणतो आणि इथंही तेच म्हणणार. हे लिहायला त्यांनीच सांगितलं. म्हणाले, ‘‘लिही. सगळं लिही. फक्त माझी बाजू घेऊ नकोस.’’ आता मला बाजू घेतल्याशिवाय लिहिता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. बघू किती जमतं ते.

गॅरेजमध्ये मापाचा पाना होता. त्यावर जोर ठरवून ठेवायचा, तेवढा जोर लागला की पाना ‘कट्’ असा आवाज करतो, म्हणजे बस. शेठनं तो लाल डब्यात घालून कपाटाच्या वरच्या खणात दागिन्यासारखा जपला होता. बाहेर निघायचा तो फक्त तमाशाला. नवीन गिऱ्हाईक आलं की शेठ म्हणायचा, ‘‘या, आमच्या काट्याची गंमत बघा.’’ दाजी साध्या पान्यानं बोल्ट आवळायचे. मग शेठ मापाचा पाना लावायचा. बोल्ट तसूभर हलायचा नाही आणि पाना म्हणायचा, कट्. गिऱ्हाईक खूश. मी एकदा ते पाहिलं आणि माझं टाळकं सरकलं. माणूस आहे की सर्कशीतलं माकड? दाजी मात्र हात पुसत हसत होते. कौतुक कुणाला नको असतं?

आवळून झालं की ते बारीक ब्रशनं बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर एक पिवळी रेघ ओढायचे. बोल्ट पुढं कधी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. त्या धंद्यातली ही साधी खूण. पण तिथं तिला भलतंच वजन आलं होतं. पिवळी रेघ दिसली की कुणी त्या बोल्टला पुन्हा हात लावायचा नाही. लावला तर तो काट्याचा अपमान.

आणखी एक रीत होती, दाजींच्या उस्तादानं घालून दिलेली. चाकांखालचं काम ज्यानं केलं, त्यानं पहिल्या फेरीला चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचं. गाडी कितीही जोरात हाणली तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. ‘‘आपण आवळलेल्यावर आधी आपला जीव ठेवायचा, मग दुसऱ्याचा,’’ असं म्हातारा म्हणायचा. म्हातारा गेला, रीत राहिली. दाजी एकोणतीस वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसत आले.

एकोणतीस वर्षं हातात नट-बोल्ट फिरवणारी हवेची गन. ज्यांनी ती धरलेली नाही त्यांना सांगतो, ती चालू झाली की कोपरापर्यंतची हाडं वाजतात, आणि दिवसातून दोनशे वेळा वाजतात. मी गॅरेज कामगारांची एक छोटी संघटना चालवतो. शाळेत कमी आणि कारखान्यांच्या गेटवर जास्त शिकलेला माणूस आहे, पण हा आजार मला चांगला कळतो. आधी थंडीत बोटांची टोकं पांढरी पडतात, मेणबत्तीसारखी. मग मुंग्या येतात. मग एक दिवस मुंग्या यायच्या थांबतात. माणसाला वाटतं, सुटलो.

दाजींच्या मुंग्या थांबल्या होत्या. हे मला ताईकडून, म्हणजे माझ्या मावसबहिणीकडून कळलं.

‘‘अरे, शर्टाची बटणं मला लावायला लागतात,’’ ती एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. ‘‘वर्ष झालं. आणि परवा काय केलं माहितीय? शेगडीवरचं पातेलं उघड्या हातानं उचललं, त्या टेबलापर्यंत नेलं, ठेवलं, आणि जेवायला बसले. फोड आल्यावर म्हणतात, हे कधी झालं?’’

मी तडक बाहेरच्या खोलीत गेलो. ‘‘दाजी, हात दाखवा.’’

‘‘काय पुढारी, आता भविष्य सांगायला लागलास की काय?’’

‘‘डोळे मिटा.’’ मी त्यांच्या चिमटीत एक नट ठेवला. ‘‘काय आहे?’’

‘‘वायसर.’’

मग वायसर ठेवला. बराच वेळ त्यांनी तो फिरवला. त्यांना वाटत होतं ते फिरवताहेत. वायसर केव्हाच सतरंजीवर पडला होता आणि दाजी रिकामी चिमूट चोळत म्हणाले, ‘‘हा नट.’’

डोळे उघडून त्यांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे. इतकं पांढरंफटक तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

‘‘शेठला सांगू नकोस,’’ ते म्हणाले.

‘‘मग त्या बोल्टांचं काय? कशानं आवळता?’’

‘‘कानानं. बोल्ट बसत आला की कुरकुरतो. शेवटचं कुरकुरणं वेगळं असतं, बारीक. ते कानाला कळतं, खांद्याला कळतं. बोटं गेली म्हणून काटा गेला नाही.’’

‘‘मापाचा पाना वापरा ना! कपाटात काय पूजेला ठेवलाय?’’

‘‘ज्या दिवशी मी तो काढला, त्या दिवशी शेठ मला त्या कपाटात ठेवील.’’ मग त्यांनी आवाज खाली आणला. ‘‘दुसरं काही येत नाही रे मला. ताईची शपथ आहे तुला.’’

मी गप्प बसलो. दुसऱ्यांच्या शेठांसमोर मी टेबलं उलटी केली आहेत. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र तोंडात मिठाची गुळणी धरली. वर स्वतःला समजावलं, वर्षभरात एकही गाडी परत आलेली नाही, म्हणजे कान शाबूत आहेत.

त्यानंतर महिन्याभरानं ती हिरवी गाडी आली.

गाडी खेळाची, दोन माणसांची, जमिनीला चिकटून चालणारी. मालकीण मोठ्या रुग्णालयात ऑपरेशनच्या आधी रोग्याला भूल देणारी डॉक्टर. पन्नाशीच्या, केस कापलेले, बोलणं मोजकं. रोज याच गाडीनं कामावर जायच्या आणि महिन्यातल्या एका रविवारी शहराबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ती पळवायच्या.

‘‘मला दोन्ही हवंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खड्ड्यात कंबर मोडायला नको आणि वळणावर गाडी झुकायला नको.’’

‘‘म्हणजे एकाच बुटानं नाचायचं पण आणि डोंगर पण चढायचा,’’ दाजी म्हणाले.

‘‘जमेल का?’’

‘‘बूट चांगला घेतला तर जमतं, बाई.’’

मग दाजी रंगात आले. चारी कोपऱ्यांना धक्के झेलणारे नवे शॉक आणि स्प्रिंगा, वर खाली करता येणाऱ्या. शॉकच्या डोक्यावर फिरवायचं बटण असतं. रस्त्यावर सैल ठेवायचं, ट्रॅकवर कडक करायचं. गाडीला कलू न देणारा आडवा दांडा जाडीचा घालायचा. पुढच्या चाकांना धरून ठेवणारे लोखंडी हात बदलायचे, म्हणजे चाक वळणावर हवं तसं तिरपं लावता येईल. ‘‘आणि गाडी खाली घ्यायची ती फक्त दीड बोट. पोरंटोरं जमिनीला टेकवून घेतात. दिसते झकास, चालते बोंबलत.’’

बाई हसल्या. पण त्या दाजींच्या बोटांकडे बघत होत्या. सकाळची वेळ होती, गारठा होता.

‘‘ही बोटं कधीपासून पांढरी पडतात?’’

‘‘ग्रीसमुळं होतं ते.’’

‘‘ग्रीस काळं असतं,’’ बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून कार्ड काढून दिलं. ‘‘रुग्णालयात या. तपासून घेऊ.’’

ते कार्ड ताईला शर्ट धुताना खिशात सापडलं. पार लगदा झालेलं.

काम तीन दिवस चाललं. जुनं सगळं खोललं, नवे भाग खोक्यांतून निघाले. नवे लोखंडी हात काळ्या चकचकीत रंगाचे होते, भट्टीत भाजून चढवलेला जाड रंग. दाजींनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘नवरीसारखे आहेत.’’ त्यांना गुळगुळीत काही लागलं नसणार. सवयीनं म्हणाले.

आता जे सांगतो ते आम्हाला सगळ्यांना नंतर कळलं. पण वाचणाऱ्याला झाकून ठेवून भेवडवायची मला हौस नाही, म्हणून आत्ताच सांगतो. असे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना पक्के करत नाहीत. चाकं लोंबत असतात, तशात आवळलं तर सांध्यातल्या रबरी बुशला कायमचा पीळ बसतो. गाडी खाली घ्यायची, स्वतःच्या वजनावर उभी करायची, आणि माणसानं खालच्या खड्ड्यात उतरून एकेक बोल्ट शेवटचा आवळायचा. तिथं जागा अडचणीची, उजेड वाकडा. डोळ्यांपेक्षा हाताचं आणि कानाचं काम. दाजी उतरले. आवळत गेले. बोल्ट कुरकुरला, मग बारीक कुरकुरला, आणि दाजी थांबले. नेहमीच्या जागी थांबले. पण ते कुरकुरणं नव्या जाड रंगाचं होतं. बोल्टचं डोकं रंगात रुतत होतं आणि रंग ओरडत होता. लोखंडाची लोखंडाशी अजून भेटही झाली नव्हती. बोटं शाबूत असती तर बोटांनी सांगितलं असतं, अजून मऊ लागतंय, थांबू नकोस.

दाजींनी ब्रश घेतला आणि रेघ ओढली. सरळ, सुबक, पिवळी.

शनिवारी दुपारी पहिली फेरी. बाई चालवत होत्या, दाजी शेजारी. मोठ्या रस्त्यावर गाडी अशी चालली की बाई दोनदा ‘वा’ म्हणाल्या. परत येताना गॅरेजच्या गल्लीतला गतिरोधक आला. गाडी चढली, उतरली, आणि खालून कुठूनतरी आवाज आला, टुक.

एवढाच. कुणी दारावर बोटाचं पेर वाजवावं तसा.

‘‘काय होतं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘नवीन स्प्रिंग जागा धरतेय,’’ दाजी म्हणाले. ‘‘होतं तसं.’’

होतंही तसं. खोटं नव्हतं. पण मी त्यांना नंतर विचारलं, तुम्हाला खरंच तसं वाटलं? तर म्हणाले, ‘‘स्प्रिंगचा आवाज वरून येतो. हा खालून होता.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘दारात शेठ उभा होता. दोन गिऱ्हाइकं घेऊन. म्हणत होता, या, आमच्या काट्यानं केलेली गाडी बघा.’’

त्या दिवशी ते लवकर घरी आले आणि जेवले नाहीत. ताईनं विचारलं तर म्हणाले, भूक नाही. टेबलावर पालथं भांडं ठेवून त्यावर नखानं एकदा वाजवलं, कान लावला, पुन्हा वाजवलं. ताई म्हणाली, ‘‘वेड लागलंय का?’’

रविवारी सकाळी सातला तिचा मला फोन. ‘‘अरे, बटणं न लावताच गेलेत. लावू दिली नाहीत मला. आणि डबा घेऊन गेलेत.’’

‘‘जेवणाचा?’’

‘‘लाल. लोखंडी. काल पिशवीत घालून आणला होता, खाटेखाली ठेवला होता. मला वाटलं हत्यारं असतील.’’

शेठचा मापाचा पाना, आणि आज बाईंचा ट्रॅकचा रविवार. मी स्कूटर काढली.

ट्रॅक शहराबाहेर बारा किलोमीटर. पोचलो तेव्हा बोर्डवरच्या यादीत बाईंचा नंबर तिसरा होता. गाड्या रांगेत गुरगुरत होत्या. ट्रॅकच्या पलीकडच्या कडेला टायरांची भिंत रचलेली, तिच्यावर कुठं कुठं निरनिराळ्या रंगांचे ओरखडे. प्रत्येक ओरखडा म्हणजे कुणाचीतरी गाडी. दाजी हिरव्या गाडीजवळ उभे. छातीवर शर्ट उघडा, काखेत लाल डबा. मी धावत गेलो.

‘‘दाजी, उघडा तो.’’

‘‘इथं? सगळ्यांसमोर?’’ त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. ‘‘काटा पाना लावतोय म्हणतील. आठ बोल्ट आहेत. सात तरी बरोबर असतील.’’

‘‘आणि आठवा?’’

‘‘म्हणून तर मी बसतोय ना शेजारी.’’

अशी ही इभ्रत. माणूस मरायला तयार होतो, पण हसू करून घ्यायला नाही. माझ्या जिभेवर शिव्या आल्या होत्या, पण आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून आवाज फुटेना. शपथ आठवली म्हणून नव्हे. भीती वाटली म्हणून. दाजी डबा माझ्या हातात देऊन गाडीत वाकले.

बाई हेल्मेट चढवून बसल्या होत्या. ‘‘चला, उस्ताद. पहिली फेरी तुमची. पट्टा लावा.’’

शर्यतीच्या सीटचा पट्टा चार बाजूंनी येतो आणि पोटावर एका कडीत अडकतो. दाजींनी एक टोक धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. त्यांना वाटलं अडकलं, त्यांनी हात सोडला आणि पट्टा मांडीवर पडला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. पुढची गाडी ट्रॅकवर निघून गेली होती. आता यांचीच पाळी. झेंडेवाल्यानं हात वर केला.

बाई वळल्या. ‘‘मी लावते.’’ त्यांनी पट्टा घेतला आणि घेता घेता दाजींचं बोट हातात आलं. त्या थांबल्या. नख दाबलं, सोडलं, वाट पाहिली. नखाखाली रंग परत आला नाही. दुसरं बोट. तिसरं. झेंडेवाला ओरडत होता. बाईंनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

‘‘मी आत्ता किती बोटं धरलीत?’’

दाजी समोर बघत होते. ‘‘दोन?’’

बाईंनी चार धरली होती.

‘‘या हातानं आवळलंत?’’

दाजींनी उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडे. मागं हॉर्नांचा नुसता गोंगाट. मला वाटलं आता म्हणतील ग्रीस, आता म्हणतील थंडी.

‘‘कानानं आवळलं, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘उतरा. पुढारी, डबा आण.’’

गाडी रांगेबाहेर ढकलली. चाकं उतरत्या लाकडी फळ्यांवर चढवली, म्हणजे वजन चाकांवरच राहिलं, आणि दाजी पाठीवर झोपून खाली गेले. दहा-बारा लोक जमले. कुणीतरी म्हणालं, ‘‘हाच ना तो काटा? हा तर पाना लावतोय!’’ आणि हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हसू गिळलं.

मागचा डावा बोल्ट, जुन्या लोखंडातला. कट्. मागचा उजवा. कट्. आणखी दोन. कट्, कट्. मला वाटलं, जिंकलो. मग पुढचा डावा, नव्या काळ्या हाताचा. पाना फिरला. आवाज नाही. अजून फिरला. पाव फेरा, अर्धा फेरा. पिवळी रेघ तुटून तिचं एक टोक वर गेलं, एक खाली राहिलं. पाऊण फेरा. मग कुठं, कट्. काळ्या रंगाचे टवके दाजींच्या तोंडावर पडले. पुढचे उरलेले तीनही तसेच.

दाजी बराच वेळ खालीच राहिले. नुसते बूट दिसत होते.

बाई वाकल्या. ‘‘त्या लांब सरळ रस्त्यानंतर वळण येतं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तिथं मी अगदी शेवटी ब्रेक मारते. सगळं वजन पुढच्या दोन चाकांवर येतं.’’ एवढंच. मग थोड्या वेळानं, ‘‘मी रोज चार-पाच माणसं झोपवते, उस्ताद. एकालाही अंदाजानं झोपवत नाही.’’

त्या दिवशी त्या ट्रॅकवर गेल्या नाहीत. हळू चालवत दाजींना घरी सोडलं. शेजारच्या सीटवर बसवूनच. घरासमोरच्या गतिरोधकावर गाडी चढली, उतरली. आवाज आला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. शेठलाही. ‘‘गाडी वाचली ना? मग बोंब कशाला?’’ असं तो म्हणाला आणि त्यानं दाजींना गाड्या धुवायच्या कामावर घातलं. थंड पाण्यात, त्या बोटांनी! मग माझा आवाज परत आला. त्याच्या टेबलाचं काय झालं ते इथं लिहीत नाही. दाजी आता बाईंच्या रुग्णालयात तपासायला जातात. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकेल, एवढंच डॉक्टर सांगतात. आणि मी गप्प बसलो होतो हेही इथं लिहून ठेवतो, कारण उद्या माझ्याच संघटनेतलं कुणी विचारेल.

पण त्या फळ्यांवरून बाहेर आल्यावर दाजींनी तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: ‘‘काळ्या रंगाचे हात मी आणखी सात गाड्यांना बसवलेत.’’

सहा सापडल्या. बाईंच्या ओळखीतून, ट्रॅकवरच्या माणसांतून, दारोदार हिंडून. एका मालकानं कुत्रं अंगावर सोडलं, एक म्हणाला, धंदा वाढवायची नवी युक्ती दिसतेय. सहांपैकी चार गाड्यांत पाना फिरला. सातवी सापडत नाही. चंदेरी, दोन दारांची. विकली गेली, ज्यानं घेतली त्यानंही विकली, पुढं माग लागत नाही. तुमच्याकडे तशी गाडी असेल, पुढच्या चाकांमागचे हात काळे चकचकीत असतील, तर खाली वाकून बघा. बोल्टवर पिवळी रेघ असेल. अजून सरळ असेल. तिच्यावर जाऊ नका. मापाचा पाना लावून घ्या, आजच.

दाजी संध्याकाळी घराबाहेर खुर्ची टाकून बसतात. समोर गतिरोधक आहे. लाल डबा पायाशी, शेठनं तो परत मागितलेला नाही. ताई बटणं लावून देते, शाल देते, आत येते. परवा मी शेजारी बसलो होतो. एक गाडी गतिरोधकावरून गेली आणि कुठूनतरी टुक झालं. दाजी खुर्चीवरून उठले, दोन पावलं पुढं गेले, कान दिला. मग परत येऊन बसले.

‘‘दार नीट लागलं नव्हतं,’’ म्हणाले.